आमचं शेल्टर बंद होता होता राहिलं, त्याची गोष्ट

११ फेब्रुवारी २०२४, रविवार. मी नेहमीसारखी सकाळी सातला काका-काकूंच्या कुत्र्यांच्या शेल्टरवर पोचले तर चूल पेटलेली नव्हती. असं कधीच होत नाही, रविवारी मी पोचेपर्यंत पहिलं पातेलं उतरलेलं असतं आणि काकू दुसऱ्या पातेल्यात हळद टाकून ढवळत असतात. त्या दिवशी काकू पायरीवर बसून होत्या, कणीचं पोतं तसंच बांधलेलं, आणि चौऱ्याहत्तर कुत्री भुकेनं नुसता कल्ला करत होती. काकांनी काही न बोलता माझ्या हातात कागद दिला. वकिलाची नोटीस होती, गुढीपाडव्याच्या आत जागा मोकळी करून द्या. पाडवा ९ एप्रिलला होता, तिथंच उभ्या उभ्या मोजले, ५८ दिवस. काकूंना म्हटलं, आधी चूल पेटवू, मग रडायचं ते रडू. खरंतर मलाच रडायला येत होतं.

थोडं मागचं सांगते म्हणजे कळेल. आम्ही सांगलीचे. काका एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, साधा माणूस, पेन्शन तुटपुंजी. ऑगस्ट २०१९ चा महापूर ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे म्हणजे विचार करा. काका तेव्हा ओळखीच्या पोरांबरोबर बोटीतून माणसं काढायला जात होते. माणसं निघाली, पण पत्र्यांवर, गच्च्यांवर, जिन्याच्या वरच्या पायरीवर कुत्री अडकलेली, दोन दोन दिवस उपाशी, भुंकायचंसुद्धा बंद झालेली. आणि काही घरांत दाराला साखळीनं बांधलेली तशीच राहिली. काका त्याबद्दल फार बोलत नाहीत, एकदाच म्हणाले होते, "घाईत माणसं बाहेर पडली, साखळी सोडायचं राहून गेलं." त्या पुरातून त्यांनी नऊ कुत्री आणली आणि शहराबाहेर एका ओळखीच्याच्या रिकाम्या गोठ्यात ठेवली, चार दिवसांसाठी म्हणून. ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

नंतर लोक आणून द्यायला लागले. आंधळी, तीन पायांची, कातडं गेलेली, म्हातारी झाली म्हणून घरच्यांनी सोडलेली. काकांचा एक नियम होता आणि तो मला फार पटतो, की धडधाकट रस्त्यावरचं कुत्रं ठेवून घ्यायचं नाही, त्याचं नसबंदीचं ऑपरेशन करायचं, रेबीजची लस द्यायची, कानाचा छोटा कट द्यायचा म्हणजे ऑपरेशन झालेलं ओळखू येतं, आणि जिथून आणलं त्याच गल्लीत परत सोडायचं. कायदाही तेच सांगतो, पहिले एबीसी म्हणजे जन्मनियंत्रणाचे नियम २००१ चे, आता २०२३ चे. शेल्टरमध्ये कायम राहणार ते फक्त ज्याला रस्त्यावर जगताच येणार नाही ते. हे नीट सांगतेय कारण बऱ्याच जणांना वाटतं शेल्टर म्हणजे नको असलेली कुत्री टाकायची जागा.

मी तिथं गेले बारदानमुळं. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात हिशोब लिहिते, आता बारा वर्षं झाली. आमच्या यार्डात एक तांबडं कुत्रं होतं, पोत्यांच्या थप्पीवर रिकाम्या बारदानात झोपायचं म्हणून हमाल मामांनी त्याचं नावच बारदान ठेवलं. जानेवारी २०२२ मध्ये एक ट्रक मागं घेताना ते चाकाखाली आलं. एक मामा धावत आत आले, "ताई, बारदान मेलं न्हाई पण उठंना झालंय." डॉक्टरांनी एक्स-रे काढला, मणका तुटलेला, मागचे दोन पाय कायमचे गेले. दोघांनी सांगितलं की इंजेक्शन देऊन झोपवा, त्याचे हाल होतील. तिसऱ्यांनी काकांचा पत्ता दिला.

काकांनी त्याला उलटसुलट बघितलं आणि मला म्हणाले, ठेवून घेतो, पण एक काम तुम्हाला शिकायला लागेल. कमरेतून गेलेल्या कुत्र्याला स्वतःहून लघवी करता येत नाही, दिवसातून तीनदा पोट दाबून काढायला लागते, नाहीतर आतच विष होतं. मला म्हणाले हात द्या. माझा हात त्यांनी बारदानच्या पोटाखाली मागच्या पायांच्या थोडा पुढं ठेवला. "सावकाश. पाण्यानं भरलेला फुगा असतोय तसं हाताला लागतंय बघा. एकदम दाबायचं न्हाई, दोन्हीकडनं धरून मागं न्यायचं." पहिल्यांदा काहीच लागेना, नुसतं पोट. मग एकदम बोटांखाली ते गोल टणक जाणवलं, लिंबापेक्षा मोठं, आणि हळू दाबल्यावर धार आली, आणि बारदाननं इतका मोठा श्वास सोडला की मी अजून विसरलेले नाही. त्या दिवसापासून दर रविवारी मी तिथं.

तर नोटीस. जागामालकाला मी वाईट म्हणणार नाही, इतकी वर्षं त्यानं नावापुरतं भाडं घेतलं, पण तीन भावांत वाटणी झाली, शहर तिथपर्यंत वाढलं, आणि जमिनीचे प्लॉट पाडायचं ठरलं. शेजारी दोन नवीन बंगले झाले होते, त्यांच्या भुंकण्याच्या आणि वासाच्या तक्रारी चालूच होत्या, आणि उन्हाळ्यात वास येतो हे खोटं नाही. आमची खरी चूक कागदाची होती. २०१९ मध्ये शंभरच्या स्टँपवर चार ओळी लिहिलेल्या, त्याही रजिस्टर नाहीत. महाराष्ट्रात भाड्याचा करार लेखी आणि रजिस्टर असायलाच लागतो हे मला दुकानाच्या गाळ्यांमुळं माहिती होतं, पण मी दोन वर्षं तिथं येऊनसुद्धा काकांना कधी कागद दाखवा म्हटलं नाही.

वर औषधाच्या दुकानाची उधारी १ लाख ३८ हजार. काकांना गुडघ्याचं ऑपरेशन सांगितलेलं, ते पुढं ढकलत होते. काकू हळूच म्हणाल्या, आता बंदच करूया का हो, आपलं वय झालं. काका गप्प. मी म्हटलं बंद करायचं तर या सगळ्यांना न्यायचं कुठं तेवढं सांगा. ११ मांजरं आणि नाथा वेगळाच. नाथा म्हणजे गाढव, वीटभट्टीवर पाय मोडल्यावर सोडून दिलेलं, एकनाथांनी काशीहून रामेश्वरला न्यायचं गंगाजल तहानलेल्या गाढवाला पाजलं ती गोष्ट काकूंना फार आवडते म्हणून नाव नाथा.

पहिल्यांदा आम्ही सगळे करतात तेच केलं. कॉलेजच्या दोन पोरांनी व्हिडिओ काढला, बारदान त्याच्या पाइपच्या गाड्यावर पुढचे पाय मारत पळतोय, काकू कणी वाढतायत, खाली क्यूआर कोड. तो व्हिडिओ पळाला. नऊ दिवसांत ३ लाख १२ हजार रुपये जमा झाले, पुण्यामुंबईतनं, बेंगळुरूवरनं, कोणी ५१ रुपये कोणी पाच हजार. आम्ही अक्षरशः रात्री बसून एकेक नाव वाचत होतो. आणि दहाव्या दिवशी शून्य. अकराव्या दिवशी एक १०० रुपये. संपलं.

पण पैशापेक्षा दुसरंच झालं. व्हिडिओमुळं पत्ता सगळ्यांना कळला. तिसऱ्या दिवशी सकाळी गेटला एक बोका बांधलेला. मग एक म्हातारी लॅब्राडोर, गळ्यात पट्टा, कानात पू. मग एका पहाटे द्राक्षाच्या पेटीत सहा पिल्लं. फेब्रुवारी म्हणजे आमच्याकडं द्राक्षाचा सीझन, पेट्या सगळीकडं पडलेल्या असतात. दीड महिन्याची पिल्लं असतील, एकमेकांवर चढून झोपलेली, पेटीवर चिठ्ठी, "कृपया सांभाळा". आम्ही मदत करा म्हणून ओरडत होतो, बंद होतंय म्हणून सांगत होतो, आणि लोक ऐकत होते ते एवढंच की इथं कुत्री घेतात. ज्यानं कोणी ती पेटी ठेवली त्याला मनापासून वाटलं असणार की आपण पिल्लांना वाचवलं. त्यानं चार दिवस घरात ठेवून एक लस दिली असती तरी चाललं असतं.

चौथ्या दिवशी एकानं उलटी केली. संध्याकाळपर्यंत तो वास आला. ज्यांनी पार्वो, म्हणजे कुत्र्यांचा तो विषाणूचा आजार, बघितलाय त्यांना तो वास सांगायला लागत नाही, रक्ताची पातळ संडास आणि त्याचा एक गोडसर सडका वास, नाकातून जात नाही. पार्वोला औषध असं नाही, सलाईन लावून तगवायचं, उलटीचं इंजेक्शन द्यायचं आणि वाट बघायची. एवढ्याशा पायाची शीर सापडत नव्हती, डॉक्टर मोबाईलच्या टॉर्चवर सुई लावत होते. सहाही पिल्लं काकांच्या घराच्या मागच्या खोलीत हलवली, शेल्टरमध्ये फिनाईल उपयोगाचं नाही, फिनाईलनं हा विषाणू मरत नाही, ब्लीचच्या पाण्यानं सगळी फरशी, भांडी, चपला. मातीत तो महिनोन्महिने राहतो. मी तीन रात्री तिथं राहिले, ऑफिसला तशीच जायचे. चार गेली. दोन राहिली. त्या आठवड्यात मला खरंच वाटलं की काकू म्हणतात ते बरोबर आहे.

त्यानंतर मी एक वही घेऊन बसले. हिशोब हेच मला येतं, दुसरं काही येत नाही. काकांकडं सगळं डोक्यात होतं, कागदावर काही नव्हतं. कणी रोज १८ किलो, चिकनचे पाय-माना-मुंड्या १२ किलो, दोन कामगारांचा पगार २४ हजार, औषधं, गॅस, लाइट, पाण्याचा टँकर, भाडं. महिन्याला ९० हजाराच्या आसपास जात होते आणि येत होते कधी १५ कधी ७०, उरलेलं काकांच्या पेन्शनीतनं आणि उधारीतनं. मी वहीत बघून एक गोष्ट शिकले, व्हिडिओचे तीन लाख म्हणजे जेमतेम साडेतीन महिने. एकदाच दहा हजार देणारा माणूस मिळतो हो, पण दर महिन्याला दोनशे देणारा मिळणं अवघड, आणि शेल्टर चालतं ते त्या दोनशेवर. कुत्र्याला एकदाच भूक लागत नाही.

म्हणून दोन भाग केले. व्हिडिओच्या पैशाला महिन्याच्या खर्चासाठी हात लावायचा नाही, त्यातनं आधी उधारी संपवायची, राहतील ते १ लाख ७४ हजार नव्या जागेच्या जाळीला. आणि महिन्याचा खर्च आधी खाली आणायचा. एका राइस मिलवाल्यांनी कणी पडत्या भावात द्यायचं कबूल केलं. चिकनच्या सात दुकानांत मी आणि ती दोन पोरं जाऊन बोललो, पाच जण म्हणाले पाय-माना फुकट न्या पण रोज ठरलेल्या वेळेला न्या, एक दिवस चुकला तर दुसऱ्याला देणार. आमच्या यार्डातल्या चार दुकानांतून फुटकी हळकुंडं मिळाली, ती दळून जेवणात. असं करत रोखीचा खर्च ५८ हजारावर आला. म्हणजे दोनशे रुपये देणारी तीनशे माणसं पाहिजेत. तीनशे. हा आकडा मी एका पुठ्ठ्यावर लिहून गेटला लावला.

सगळ्यात पहिले कोण आले माहितीये का, आमचे हमाल मामा. शनिवारी त्यांचा हप्ता होतो. बावीस जणांनी प्रत्येकी दहा रुपये काढले, एका जुन्या पाकिटात घातले आणि माझ्या टेबलावर आणून ठेवले, २२० रुपये. म्हणाले, "ताई, हे दर शनवारी. बारदान आमचं हाय." मला त्यांच्याकडून घ्यायला नको वाटत होतं, दिवसभर पाठीवर पोती वाहणारी माणसं. मालक म्हणाले घे, नाही घेतलंस तर त्यांना वाईट वाटेल. घेतले.

मग एकेक करत वाढत गेलं. एका शाळेतल्या सातवीच्या पोरांनी रद्दी गोळा केली. विश्रामबागमधल्या एका सोसायटीतल्या वहिनींनी त्यांच्या भिशीत विषय काढला आणि एकदम चौदा जणी आल्या. मी सगळ्यांना सांगायचे की ट्रस्ट नोंदलेला आहे, देणगीवर करसवलतीचं ८०जी आहे, पावती मिळेल, फक्त दोन हजारांच्या वर रोख देऊ नका, त्याला करसवलत मिळत नाही. तर निम्मे जण म्हणायचे, आम्ही नवीन करप्रणालीत गेलोय, आम्हाला पावतीचा उपयोग नाही, तरी देतो. ज्याला पावतीची गरजच नाही तो महिनोन्महिने देतोय, याचं मला अजून कौतुक आहे. मी फक्त एक शिस्त ठेवली, दर महिन्याच्या ५ तारखेला आलेला-गेलेला पै न् पैचा हिशोब ग्रुपवर टाकायचा, बिलांच्या फोटोसकट. चिकनवाल्यानं अर्धा किलो कमी दिलं तरी ते त्यात असतं.

मार्चमध्ये दोन रविवारी दत्तक शिबिरं घेतली. येणारे विचारायचे, पग आहे का, हस्की आहे का. लॉकडाऊनमध्ये हौसेनं घेतलेली आणि नंतर सोडलेली ब्रीडची कुत्री होती आमच्याकडं, ती लगेच गेली. गावठी पिल्लासाठी मात्र तासभर बोलायला लागायचं, की याला आपलं ऊन-पाऊस सोसतं, आजार कमी, घराला जीव लावतं. आणि आम्ही कोणालाही लगेच द्यायचो नाही. घरी जाऊन बघायचो, भाड्याचं घर असेल तर घरमालकाला विचारायचो, घरातल्या आजींना विचारायचो कारण दुपारी कुत्रं त्यांच्याजवळच असणार. एका घरातून यामुळं बोलणी पण खाल्ली. दोन शिबिरांत १९ गेली, तीन परत आली, म्हणजे १६. पार्वोतून उठलेल्या दोघांपैकी एक मिरजेच्या एका डॉक्टरांच्या घरी आहे, दुसरी काकूंच्या पलंगाखाली.

जागा मात्र मिळेना. २४ ठिकाणं बघितली, मोजून. कुत्र्यांसाठी म्हटलं की फोन ठेवायचे. नदीकाठची दोन स्वस्त मिळत होती, काका म्हणाले पाण्याच्या वाटेवर परत नाही. २० मार्च झाला तरी काही नाही, आणि तेव्हा कणी पोचवणाऱ्या टेम्पोवाल्या दादांनी सांगितलं की मिरजेच्या पूर्वेला त्यांच्या मामाचं पोल्ट्रीचं शेड पडून आहे.

ते शेड बघितलं आणि माझ्या पोटात कसंतरी झालं, चांगल्या अर्थानं. उंचावर माळरान, लांब शेड, पत्रा बरा, दोन्ही बाजूला जाळी, मधून नाली, बोअरला पाणी. २०२० च्या सुरुवातीला चिकननं कोरोना होतो अशी अफवा उठली होती ना, तेव्हा कोंबडीला कोणी विचारेना, भाव पार मातीत गेले. त्यात मामांची पूर्ण बॅच गेली, कर्ज झालं, त्यानंतर शेडमध्ये पिल्लू घातलं नाही. आम्हाला शेड दाखवताना ते आत आलेच नाहीत, दारात थांबले. भाडं दहा हजार म्हणाले. काकांनी डिपॉझिट विचारलं तर म्हणाले, डिपॉझिट नको, शेड भरू दे एकदा, मोकळं बघवत न्हाई.

गावाचा विरोध होणार हे धरूनच चाललो होतो. मारुतीच्या देवळापुढं बैठक झाली, पन्नासएक माणसं. एक आजी पहिल्यांदाच उठल्या, "आमच्या शेळ्या फाडल्या तर कोण देणार, तू?" मला. बरोबरच प्रश्न आहे, तिकडं शेळी म्हणजे घरातली बँक आहे. मी तयारी करून गेले होते तरी घसा कोरडा पडला. काका उठले. त्यांनी भाषण केलं नाही. म्हणाले, आमची निम्मी कुत्री आंधळी नाहीतर लंगडी आहेत, सहा फुटी जाळी मारल्याशिवाय एकही आणणार नाही, जाळी मारल्यावर तुम्ही येऊन बघा मग आणतो. एखादी शेळी गेलीच तर मी भरून देईन, लिहून घ्या. आणि तुमच्या गावातली जेवढी कुत्री आहेत त्या सगळ्यांना रेबीजची लस आम्ही दरवर्षी फुकट देऊ. मागच्या वर्षीच गावात पिसाळलेलं कुत्रं चावून एक म्हैस गेली होती, त्यामुळं लस म्हटल्यावर माणसं ऐकायला लागली. आठ दिवसांनी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला मिळाला. करार या वेळी पाच वर्षांचा, रजिस्टर, काकांचा आणि मामांचा अंगठा मशीनवर घेऊन. मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा वाचला.

जाळीला पैसे कमी पडत होते. वेल्डिंगवाल्या भाऊंनी फक्त अँगलचे आणि जाळीचे घेतले, मजुरी घेतली नाही. शेडचे नऊ भाग केले. मग ५, ६ आणि ७ एप्रिल, तीन दिवस, पहाटे तीनपासून सातपर्यंत हलवाहलवी, कारण त्यानंतर ऊन असं की गाडीत जनावर मरेल. दोन छोटा हत्ती टेम्पो. ज्यांचं एकमेकांत जमतं ती एका फेरीला, कोणाचं कोणाशी भांडण आहे हे फक्त काकूंना पाठ. त्यांनी आदल्या रात्री सगळ्यांची यादी सांगितली आणि मी लिहिली, राणी चिंगीबरोबर चालेल पण सुभेदारबरोबर अजिबात नाही, असं. जुन्या जागेची पोती आम्ही मुद्दाम धुतली नाहीत, ती आधी नेऊन नव्या शेडमध्ये अंथरली. आंधळ्या कुत्र्यांना खाली उतरवलं की ती थरथर कापत उभी राहायची, मग नाक खाली घालून पोत्याचा वास घ्यायची, दोन फेऱ्या मारायची, आणि बसायची. एक पंधरा वर्षांची म्हातारी, दोन्ही डोळे गेलेली, ती बसली नाही. शेडभर भिंतीला नाक लावून हिंडली, सगळा परीघ मोजल्यासारखा, अर्धा तास, आणि शेवटी काकूंच्या पायावर येऊन आडवी झाली. काकू तिथंच जमिनीवर बसल्या, उठल्या नाहीत तासभर. पुढच्या गाडीतली कुत्री आम्हीच उतरवली.

९ तारखेला पाडव्याला मामांनी शेडच्या दाराला गुढी उभारली. ते त्या दिवशी पहिल्यांदा आत आले.

आता तिथं ६१ कुत्री आहेत, काही म्हातारी गेली, काही नवी आली. गावातल्या कुत्र्यांना दरवर्षी २८ सप्टेंबरच्या आसपास लस देतो. शेळी एकही गेलेली नाही. विरोध अजून आहे थोडा, रात्री भुंकण्यावरून. काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्या दीड महिन्यात रोज एक माणूस असं वेळापत्रक लावून आम्ही चालवलं, त्यात हमाल मामांपैकी तिघं होते. बारदानच्या गाड्याचं चाक झिजून दोनदा बदललं.

ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाचा दिल्लीबद्दलचा आदेश आला, ११ तारखेला, की सगळी भटकी कुत्री उचलून शेल्टरमध्ये ठेवा, मग २२ तारखेला तो बदलला, नसबंदी आणि लस झालेली त्याच भागात परत सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून. त्या मधल्या अकरा दिवसांत मला यार्डात प्रत्येक जण म्हणत होता, चला, आता सगळी तुमच्याकडं. कुत्रं चावण्याची भीती खरी आहे, रेबीज झाला की माणूस वाचत नाही, ज्याच्या पोराला चावलंय त्याच्याशी मी वाद घालणार नाही. पण एका शहरातली सगळी कुत्री आत ठेवायची म्हणजे काय, हे मला माझ्या वहीतून दिसतं. साठ कुत्र्यांना ५८ हजार, दोन पगारी माणसं, शंभर हात, आणि तरी एक पार्वोचा आठवडा येतो. गल्लीतल्या गल्लीत नसबंदी आणि लस नेटानं करत राहणं याला मला तरी दुसरा रस्ता दिसत नाही, आणि ते झालं तर आमच्यासारखी शेल्टरं छोटीच राहतील, राहावीत.

पुठ्ठ्यावरचा तीनशेचा आकडा आता ३४१ आहे, पण दर महिन्याला साठएक जणांचे राहतात. विसरतात, नोकरी जाते, घरात आजारपण येतं. कोणाला मी दोनदाच्या वर मेसेज करत नाही. आज ४ तारीख, उद्या हिशोब टाकायचा, सत्तावीस जणांचे यायचेत, आणि पत्र्याची पश्चिमेची बाजू पावसाच्या आधी बदलायची आहे, त्याचे १८ हजार कुठून काढायचे ते बघतेय. हमाल मामांचं पाकीट मात्र दर शनिवारी येतं, शेजारच्या दोन अडतींचे हमाल पण त्यात आलेत. या शनिवारी ४३० आले, त्यात बरीच सुटी नाणी होती. मोजून वहीत लिहिले.